कमील काढलेला माणूस

आमच्या टोकावर कुणी नवा पाहुणा आला, की त्याच्यापुढं कालवांची बशी ठेवायच्या आधी त्याला माझ्या बापापुढं उभं करायचे. "हा लुका. यानं कमील काढली." झालं. पाहुण्यानं मग चर्चमधल्या पुतळ्याकडं बघावं तसं माझ्या बापाकडं बघायचं, आणि बापानं मान खाली घालून, नको नको म्हणत, गोष्ट सुरू करायची. मला त्या वाक्याची इतकी चीड आहे की आजही कुणी ते उच्चारलं तर हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

कमील म्हणजे एकोणिसशे एकोणसत्तरच्या ऑगस्टमधलं चक्रीवादळ. अख्ख्या मिसिसिपीच्या किनाऱ्याची माती करून गेलं ते. आणि काढली म्हणजे गाव सोडून न पळता घरातच बसून ती रात्र काढली. बिलॉक्सीचा पूर्वेकडचा शेवटचा तुकडा, एकीकडं आखात आणि दुसरीकडं खाडी, ते आमचं टोक. तिथं सगळी कोळंबी पकडणारी, कालवं फोडणारी माणसं. त्यांच्यात माणसाची किंमत दोनच गोष्टींवर ठरायची: बोट कशी चालवतो, आणि कमील काढली की नाही.

दर वर्षी सतरा ऑगस्टला क्लबात जेवण असायचं. कोळंबीच्या दाट रश्श्याचे, गम्बोचे, टोप, गोड तळलेल्या पुशाराता, बिअर. जेवणं झाली की क्लबाचा अध्यक्ष ओरडायचा, "काढलेल्यांनी उभं राहा!" मग ते सातआठ जण उठायचे आणि बाकीचे टाळ्या पिटायचे. जे पळाले होते त्यांनी बसून टाळ्या पिटायच्या. ओडेटबाईचा नवरा बिचारा बायकोपोरांना घेऊन वेळेवर निघाला होता, तर त्याला मरेपर्यंत "काय रे ससुल्या" म्हणायचे. त्यात माझा बाप सगळ्यांत पुढं.

त्याची गोष्ट टोकावरच्या पोरासोरांना पाठ होती. पाणी दाराखालून आत यायला लागलं, तेव्हा लुकानं काय केलं? पुढचं दार उघडलं, मागचं दार उघडलं. "पाण्याशी भांडायचं नसतं," बाप सांगायचा, "त्याला वाट द्यायची." मग तो स्वयंपाकघरातल्या ओकच्या जड टेबलावर चढला, कमरेचा पट्टा काढला आणि स्वतःला टेबलाच्या पायाशी बांधून घेतलं. पाणी छातीपर्यंत आलं, थांबलं आणि जसं आलं तसं निघून गेलं. भिंतीवर जिथपर्यंत चिखल लागला होता तिथं बापानं पितळेची पट्टी ठोकली होती. ती तो दर रविवारी लिंबानं घासायचा. आम्ही लहानपणी टेबलावर चढून, पट्टे बांधून 'कमील कमील' खेळायचो.

तर दोन हजार पाचचा ऑगस्ट. शेवटचा रविवार. मी तेव्हा हॅटिसबर्गला राहत होते, किनाऱ्यापासून चांगली लांब, आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होते. सकाळी टीव्ही लावला तर पडदाभर ते पांढरं चक्र, आणि रेनकोट घातलेला एक माणूस ऊन पडलेलं असताना तावातावानं बोलतोय. कत्रिना, कत्रिना, कत्रिना. मी बापाला फोन लावला.

"बाबा, निघालात का?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? इकडं! टीव्ही बघताय ना?"

"बघतोय. तो रेनकोटवाला येडा आहे. अगं नेव्हा, कमीलमध्ये जे घर उभं राहिलं ते आता पडेल होय? ओडेट येतेय नातवंडांना घेऊन, तुआन येतोय बायकोला घेऊन. एमिल तर सकाळपासून इथंच आहे. मी काय त्यांना टाकून येऊ?"

"म्हणजे ते तुमच्या भरवशावर थांबलेत?"

"माझ्या नाही, घराच्या," बाप म्हणाला. आवाजात असा काही मोठेपणा होता, की माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोन आपटला आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.

फिलोमेनाआत्या तेव्हा माझ्याकडंच राहायची. बापाची मोठी बहीण, ऐंशीला टेकलेली, कधी कुणाच्या भांडणात न पडणारी. ती पर्स काखेत मारून दाराशी उभी. "मी पण येते."

"तू कशाला? तिकडं जीव द्यायचाय का?"

"त्याला तुझ्यानं उठवणं होणार नाही," ती म्हणाली. "मी उठवते. चल."

हमरस्त्यावर उत्तरेकडं येणाऱ्या गाड्यांची मुंगी शिरणार नाही अशी रांग लागलेली, आणि आम्ही दोघी रिकाम्या बाजूनं दक्षिणेला. एका पोलिसानं थांबवलं. "बाई, उलट्या दिशेनं चाललाय तुम्ही."

"माझ्या बापाची दिशाच उलटी आहे, मी काय करू?" मी म्हटलं. तो हसला नाही. पण सोडलं त्यानं.

थोडं पुढं गेल्यावर आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या रात्री तो आमच्यात होता."

"कोण? कुठल्या रात्री?"

"लुक्या. कमीलच्या रात्री. आपण सगळे वर विगिन्सच्या शाळेत जाऊन राहिलो होतो ना? तू पाच वर्षांची होतीस, माझ्या मांडीवर झोपलेलीस. वारा वाढायला लागला तसा तो आला. ओलाचिंब. कुणाला दिसू नये म्हणून खाली बॉयलरच्या खोलीत जाऊन बसला. दात नुसते वाजत होते त्याचे. तुझी आई आणि मी आळीपाळीनं त्याच्याजवळ बसलो."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. 

"मग ती गोष्ट? टेबल? पट्टा?"

"उजाडलं नाही तोच निघाला तो. झाडं आडवी पडलेली, तर ट्रक सोडून चालत गेला. सगळ्यांच्या आधी घरी पोचला. घर उभं होतं, त्याचं त्यालाच खरं वाटेना. बसला टेबलावर चढून, सगळीकडं चिखल म्हणून. तेवढ्यात एमिल आला. लुक्याला तिथं बघून त्यानं मिठी मारली, ढसाढसा रडला आणि म्हणाला, 'लुका, तू काढलीस!' लुक्याच्या तोंडून 'नाही' निघालं नाही."

"आणि तुम्ही? तू? आई?"

"तुझ्या आईनं शपथ घातली होती. आणि खरं सांगू? लोक त्याचं कौतुक करायचे, ते बरं वाटायचं गं. आपल्या घरातला माणूस."

"कपाळ तुमचं!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं, की माझाच घसा दुखला. छत्तीस वर्षं. पितळेची पट्टी. ओडेटबाईच्या नवऱ्याला ससुल्या म्हणणारा हा माणूस. आणि आता त्या गोष्टीवर विसंबून लोक पोरं घेऊन घरात शिरतायत! 'पाण्याला वाट द्यायची', हे त्यानं कुठून आणलं होतं? डोक्यातून! टेबलाला बांधून घ्यायचं, हे कुणी करून बघितलं होतं? कुणीच नाही! मी गाडी पुन्हा रस्त्यावर घातली आणि टोकापर्यंत दामटली.

घरापुढं पाहिलं तर जत्रा. अंगणात आइसबॉक्स, गाद्या, पाण्याची पिंपं. ओडेटबाई दोन नातवंडांना सँडविच भरवतेय. तुआन, कोपऱ्यावरच्या बोटीचा मालक, बायकोबरोबर खिडक्यांना फळ्या ठोकतोय. आणि पायरीवर एमिलकाका. बापाचा जिवाभावाचा दोस्त, एकटा जीव, ना बायको ना पोर. त्याच्या मांडीवर पट्ट्यांची चळत.

"ये ये नेव्हा!" तो म्हणाला. "बघ, घरातले सगळे पट्टे गोळा करून आणलेत. पोरांसाठी छोटे पण आहेत. भोकं पाडून घेतली."

मी त्याच्याकडं बघितलं आणि तडक आत गेले. पुढचं दार उघडंच होतं. मागचंही. अगदी गोष्टीतल्यासारखं.

बाप टेबलाशी उभा राहून कॉफी ओतत होता. मला बघून हसला, आणि मग माझ्यामागं आत्या दिसली तसा हसायचा थांबला.

"लुक्या," आत्या म्हणाली. एवढंच. "बॉयलरची खोली."

कॉफी कपातून बशीत, बशीतून टेबलावर सांडत गेली. बापानं किटली खाली ठेवली. चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं मागच्या दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. त्याला त्या क्षणी वादळाची नाही, शेजाऱ्यांची भीती वाटत होती. तेच बघून माझं डोकं फिरलं.

"पोरीला सांगितलंस?" त्यानं आत्याला विचारलं.

"सांगितलं. आता तू त्यांना सांग."

"बरं, बरं," बाप हलक्या आवाजात म्हणाला. "मी येतो तुमच्याबरोबर. लगेच येतो. पण त्यांना काही सांगायचं नाही. छातीत दुखतंय म्हणू. नेव्हा दवाखान्यात नेतेय म्हणू. चला."

"आणि ती पोरं?" मी विचारलं.

"घर मजबूत आहे गं."

"ती पोरं, बाबा?"

"अगं, पाणी एवढं येणारही नाही—"

"तुला काय माहीत?" मी किंचाळले. जन्मात बापाला अरेतुरे केलं नव्हतं मी. "तुला काय माहीत पाणी किती येतं? तू होतास कुठं? तू मोरीत लपलेल्या उंदरासारखा बॉयलरमागं बसलेलास! आणि बाहेर तो म्हातारा पोरांच्या पट्ट्यांना भोकं पाडतोय! तू निघून जाणार आणि ते तुझ्या टेबलावर चढणार! पुन्हा तेच? पुन्हा पळणार आणि पुन्हा शूर?"

 मी त्याचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर पायऱ्यांवर आणलं. मासे ओढून ओढून लाकूड झालेला हात तो, झटकला असता तर मी पडले असते. त्यानं झटकला नाही.

"बोला," मी म्हटलं.

सगळे बघायला लागले. तुआनचा हातोडा थांबला. बाप भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मी इथं नव्हतो."

"काय म्हणतोय?" ओडेटबाईनं विचारलं.

"कमीलमध्ये." आता तो त्यांच्याकडं वळला. "मी इथं नव्हतो. पळालो होतो मी. विगिन्सला. टेबल, पट्टा, सगळं मनचं आहे. पाणी कसं येतं ते मी बघितलेलं नाही. तुम्ही निघा. आत्ताच्या आत्ता निघा."

 मग तुआननं हातोडा पिशवीत टाकला, आइसबॉक्स उचलला आणि बायकोला त्यांच्या व्हिएतनामी भाषेत दोन शब्द म्हणाला. लगेच ती दोघं गाडीत बसलीसुद्धा. ओडेटबाईनं नातवंडांच्या हातातली सँडविच काढून घेतली, पोरांना तुआनच्या गाडीत ढकललं आणि परत आली. पायऱ्या चढून बापासमोर उभी राहिली.

"माझा नवरा," ती म्हणाली. "दर वर्षी. सगळ्यांसमोर. आणि तू हसायचास."

फाडकन एक वाजवली तिनं. माझ्या बापाला, माझ्यासमोर. आणि देवाशपथ सांगते, मला वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. एमिलकाका पायरीवर बसून हसत होता. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"वा रे लुका! वा! पोरांना घालवायला स्वतःच्या नावाला काळं फासलंस! अरे, दुसरा कुणी असता तर असं बोलला असता का? कमील काढलेला माणूसच हे करू शकतो."

"एमिल," बाप म्हणाला, "मी खरं सांगतोय."

"सांग, सांग. बायकापोरं गेली. आता आपण दोघंच."

"अरे, खरंच नव्हतो मी! देवाची शपथ घेऊन सांगतो!"

"देवाला कशाला मध्ये आणतोस? तो आज आधीच कामात आहे." एमिलकाका पट्टा कमरेला लावून बघत होता. "मी स्वतः तुला या टेबलावर बघितलंय, लुका. या डोळ्यांनी. चिखलात बसलेला. छत्तीस वर्षं ऐकतोय तुझी गोष्ट, ती आज एका दुपारी खोटी होईल होय? पोरीनं दम दिला म्हणून?"

मी त्याला ओढायला गेले. गुडघे गेलेले होते त्याचे, पण दंड कसले! त्यानं माझा हात हळूच बाजूला केला, एखाद्या लहान पोरीचा करावा तसा. बापानं त्याच्यापुढं हात जोडले. आत्या रडली. उपयोग शून्य. माझा बाप जितका खरं बोलत गेला, तितका एमिलकाका त्याच्याकडं जास्त प्रेमानं बघत गेला. इतकं संतापजनक मी आयुष्यात काही बघितलेलं नाही.

पोलिसांची गाडी गल्लीतून शेवटची फेरी मारत आली. जे निघणार नाहीत, त्यांना ते जाड काळं पेन देत होते, दंडावर नाव लिहायला, प्रेत सापडलं तर ओळखता यावं म्हणून. मागं कुणाला कळवायचं, तेही. एमिलकाकानं बाही वर केली, आपलं नाव लिहिलं आणि त्याखाली, कळवायचा माणूस म्हणून, ऐटीत लिहिलं: लुका. मग आत गेला. वारा वाढला होता, खाडीचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. मी बापाला गाडीत कोंबलं. बाप मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेतून बघत राहिला. टेबलाशी बसलेला एमिलकाका उघड्या दारातून दिसत होता. त्यानं आम्हाला हात केला.

सोमवारी काय झालं ते सगळ्या जगानं टीव्हीवर बघितलं. आमच्याकडं हॅटिसबर्गलाही झाडं पडली, छपरं उडाली, पण माणसं वाचली. तुआन वाचला, ओडेटबाई वाचली, तिची नातवंडं वाचली. टोकावर आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आमच्या घराच्या जागी सिमेंटच्या पायऱ्या तेवढ्या होत्या. चढून गेलं की पुढं काही नाही. ती पितळेची पट्टी ज्या भिंतीवर होती, ती भिंत कुठं गेली देव जाणे. पाणी त्या पट्टीच्या कितीतरी वरून गेलं होतं. त्या पट्टीला कुणी विचारलंच नव्हतं.

शोध घेणाऱ्यांचा एक माणूस मदत छावणीच्या तंबूंमधून विचारत फिरत होता, "तुमच्यात लुका कोण?" बाप उठला. मी त्याच्याबरोबर गेले. खाडीपलीकडच्या दलदलीत ओकचं टेबल अडकलं होतं, चारही पाय वर. एमिलकाका त्याच्याखाली होता. पट्टा घट्ट होता. सुरीनं कापावा लागला.

 त्यानंतर वर्षभर बाप जवळजवळ बोललाच नाही. मीही बोलले नाही. माझा राग गेला नव्हता, आणि गेला असं खोटं मी सांगणार नाही. तो माझ्याकडं राहायचा, मी ताट वाढायचे, तो खायचा, ताट धुऊन ठेवायचा. आत्या आमच्या दोघांच्यामध्ये बसून टीव्ही बघायची.

पुढचा सतरा ऑगस्ट आला. क्लबाची इमारत राहिली नव्हती, तर त्या जागेवर तंबू ठोकला आणि जेवण ठेवलं. मी जाणार नव्हते. बाप कोट घालून दाराशी उभा राहिला, म्हणून गेले.

गम्बो झाला, पुशाराता झाल्या. मग अध्यक्ष उभा राहिला. मला वाटलं, मेलेल्यांची नावं वाचेल. आणि तो मेला काय ओरडला? "कत्रिना काढलेल्यांनी उभं राहा!"

चारपाच जण उठले. टाळ्या. शिट्ट्या. त्यांतला एक कर्ट नावाचा तरणाबांड पोरगा, बापाचीच बोट विकत घेतलेला, बिअरचा ग्लास उंचावून सांगायला लागला. तो माळ्यावर कसा चढला, पाणी कसं आलं. "घाबरायचं नाही बघा," तो म्हणाला, "जसं येतं तसं जातं." लहान पोरं टेबलांवर कोपरं टेकून ऐकत होती. ओडेटबाईचा नातूसुद्धा.

माझा बाप उठला. तंबूतले सगळे त्याच्याकडं वळले आणि टाळ्या आणखी वाढल्या. कारण टोकावर अजून निम्मे लोक मानायचे, की लुकानं त्या दिवशी शेजाऱ्यांना वाचवायला खोटं सांगितलं. एमिलकाकासारखंच. कुणीतरी ओरडलं, "लुका! कमील काढलेला लुका!" बाप टाळ्यांमधून चालत कर्टपर्यंत गेला. कोट बाजूला करून त्यानं कमरेचा पट्टा सोडला, सळकन ओढून काढला आणि त्या पोराच्या ताटाशेजारी ठेवला. एका हातानं पँट धरून तो तसाच उभा राहिला. टाळ्या हळूहळू थांबल्या.

"एमिलनंपण काढली," माझा बाप म्हणाला. आवाज रागानं फाटला होता. "आधी त्याला उभं करा."